हळदीकुंकवाची सभा

आमच्या सासूबाईंनी मला सून करून आणली ती कुंकू लावायला, असं मी अजूनही म्हणते आणि माझी मुलं हसतात. त्यांना वाटतं, आई नेहमीसारखी तिरकस बोलते आहे. पण ते जवळजवळ खरं आहे. सासूबाई ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. पदरात एक मुलगा, गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि डोक्यात स्वराज्य. बेचाळीसला त्या तुरुंगात जाऊन आल्या होत्या. मी त्या घराचं माप ओलांडलं तेव्हा पक्षाच्या महिला शाखेचं आमच्या भागातलं सगळं काम त्यांच्याकडे होतं, आणि प्रांताच्या कार्यकारिणीवरही त्या होत्या. पक्ष म्हणजे स्वराज्यासाठी लढलेला, दिल्लीत राज्य करणारा. त्या काळी नुसतं 'पक्ष' म्हटलं की पुरे असायचं.

सासूबाईंची काम करायची एक रीत होती. सभा आहे म्हटलं की चाळीतल्या सासवा सुनांना घराबाहेर सोडत नसत. सभेत काय मेलं ठेवलंय, पोळ्या कोण लाटणार, असं सुरू व्हायचं. पण हळदीकुंकवाचं बोलावणं मोडायची छाती कुठल्याच सासूची नव्हती. तेव्हा आमच्याकडे महिला शाखेची प्रत्येक सभा हळदीकुंकू म्हणूनच भरायची. संक्रांत होती, चैत्र होता, श्रावणातले शुक्रवार होते. काहीच नसलं की सासूबाई कुठूनतरी निमित्त शोधून काढत. बायका यायच्या, कुंकू लावून घ्यायच्या, ओटी पदरात घ्यायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या. मग सासूबाई घसा साफ करत. रेशनचे किडके गहू, म्युनिसिपालिटीचं पाणी, प्रौढ बायकांचा लिहायवाचायचा वर्ग, मतदानाला जायचं म्हणजे काय करायचं, सगळं तिथे बोललं जाई. घरी परतणाऱ्या सुनेच्या पदरात भिजवलेले हरभरे असत, त्यामुळे कोणी काही विचारत नसे.

अडचण एकच होती. विधवेनं कुंकू लावायचं नाही. आधी सासूबाईंची धाकटी जाऊ ते करायची, पण ती बिऱ्हाड हलवून डोंबिवलीला गेली आणि महिला शाखेचं गाडं अडलं. त्याच सुमाराला सासूबाई प्रचाराला लालबागला आल्या होत्या. तिथे माझ्या माहेरच्या चाळीत कोणाकडे तरी हळदीकुंकू होतं, मी ताटल्या फिरवत होते. माझे वडील गिरणीत टाइमकीपर, आम्ही पाच भावंडं, स्थळाची चिंता होतीच. सासूबाईंनी मला नीट पाहिलं आणि माझ्या आईला म्हणाल्या, पोरीचा हात हलका आहे, सांडलवंड नाही. एवढ्यावर माझं लग्न ठरलं. नवऱ्यानं मला पाहिलं ते नंतर.

पण खरं सांगायचं तर मला ते सगळं फार आवडायचं. आता पत्रिका छापून, हॉल घेऊन हळदीकुंकू करतात, त्यात मला बसवत नाही. आमच्या त्या बाहेरच्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसायच्या, मोगरा आणि कैरीच्या डाळीचा वास एकत्र व्हायचा, आणि घरी मान वर न करणारी एखादी सून रेशनिंगच्या इन्स्पेक्टरला काय बोलायचं ते ठणकावून सांगायची. तसा आवाज त्या बायकांना दुसरीकडे कुठे लागत नव्हता.

आमच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, एक जोडपं राहायचं. तो छापखान्यात खिळे जुळवायचा, ती माझ्याच वयाची, राजापूरकडची. आम्ही तिला 'खालची' म्हणायचो, ती मला 'वरच्या वहिनी' आणि सासूबाईंना 'मावशी'. आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. सासूबाईंनी तिला वाचायला शिकवलं आणि नवरा छापखान्यातली रद्द झालेली प्रुफं तिच्यासाठी घरी आणायचा. त्यामुळे तिचं वाचन अर्धवट जाहिराती आणि लग्नपत्रिका यांच्यावर झालं. दोन वर्षांत ती अशी तयार झाली, की प्रांताच्या महिला मेळाव्यात दादरला तिनं भाषण केलं. सुरुवातीची दोन वाक्यं कागदावरची वाचली, मग थांबेचना. सासूबाई पुढे कितीतरी दिवस चाळभर तेच सांगत होत्या. मला त्यांनी एकदाही भाषणाला उभं केलं नाही. माझं काम हाताचं होतं, तोंडाचं नव्हे. मला राग यायचा. पण खालचीवर रागावणं कठीण होतं. ती वर येऊन माझे तांदूळ निवडून द्यायची आणि नवऱ्याच्या नकला करायची.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला मिळावी असं सासूबाईंनाही मनापासून वाटत होतं. पण दिल्लीला समजावून सांगू, घरातलं भांडण घरात मिटवू, असं त्यांचं म्हणणं. माझं माहेर लालबाग, तिथे तर पोरंटोरंही घोषणा देत झोपेतून उठायची. माहेरी गेले की भाऊ विचारायचा, काय गं, तुझ्या सासूनं विकली का मुंबई? मी लालबागला जाताना मिलची साडी नेसायची आणि परत आल्यावर खादी. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात तसं माझं चाललं होतं.

मुंबई केंद्राच्या हाताखाली राहणार असं जाहीर झालं आणि गिरगाव पेटलं. रस्त्यावर दगड, काचा, पोलिसांच्या गाड्या. त्या गोळीबारात खालचीचा नवरा गेला. तो मोर्चात होता की कामावरून परतताना नुसता नाक्यावर थांबला होता, हे कोणालाच कळलं नाही. त्याला घरी आणलं तेव्हा बोटांना छापखान्याची शाई तशीच होती. सासूबाई धावत खाली गेल्या आणि तिच्याजवळ बसून राहिल्या. ती त्यांच्याशी बोलली नाही, पण त्यांचा हातही झटकला नाही. दिवसवार झाले, तिची आई राजापूरहून येऊन राहिली. चाळीत लोक आमच्याकडे पाहून आवाज खाली आणायचे. तरी तोवर आमचं येणंजाणं तुटलं नव्हतं.

ते तुटलं चैत्रात, आणि आमच्याच हातानं तुटलं.

सासूबाईंनी ठरवलं, यंदा गौरीचं हळदीकुंकू करायचंच. एवढं झालंय तर बायकांनी एकत्र बसलं पाहिजे, बोललं पाहिजे, आपण काय ते ठरवून प्रांताच्या बैठकीत मांडलं पाहिजे. त्यांचा हेतू सोन्यासारखा होता. बोलावणं करायला मी करंडा घेऊन निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, खालचीकडेही जा. मी म्हटलं, आई, तिला कसं बोलवायचं? तर त्या माझ्याकडे असं पाहायला लागल्या, जसं काही मीच वेडं बोलत होते. म्हणाल्या, का, मी नाही का बसत इतकी वर्षं? आणि ती आली नाही तर बैठकीला अर्थ काय राहिला?

इतकी वर्षं विधवा असून त्या दर हळदीकुंकवाला मधोमध बसल्या होत्या. त्यांच्या लेखी ती सभाच होती. हळदीकुंकवाची सभा करता करता ते हळदीकुंकू आहे, हेच त्या विसरून गेल्या होत्या. मला दिसत होतं, पण सासूपुढे किती बोलायचं? मी गेले.

खालचीनं माझ्या हातातला करंडा पाहिला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी कसंबसं सांगितलं, उद्या आमच्याकडे या.

"वहिनी, मावशींना सांगा," ती म्हणाली, "सभेला बोलवायचं होतं तर सभा म्हणून बोलवायचं."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तिची आई आतून आली आणि माझ्या हातातला करंडा बघून रडायलाच लागली. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांवर गेली. पक्षानं नवरा मारला आणि पक्षाच्या बाईनं तिलाच कुंकवाला बोलावलं, असं लोक बोलू लागले. जिभेला हाड नसतं म्हणा, पण त्यात खोटं तरी काय होतं?

दुसऱ्या दिवशी गौर झोपाळ्यात बसवली. कैरीची डाळ, पन्हं, हरभरे, कलिंगडाच्या फोडी, सगळं मांडलं. मला वाटलं होतं कोणी फिरकणार नाही. पण बायका आल्या. आमच्या चाळीतल्या बायकांची अक्कल अशी, की गौरीशी त्यांचं भांडण नव्हतं. एकेक आली, गौरीला हळदीकुंकू वाहिलं, नमस्कार केला, आणि मी कुंकवाचं बोट पुढे करताच 'घाई आहे हो' म्हणून वळून चालू लागली. डाळ नाही, पन्हं नाही, ओटी नाही. माझं बोट तसंच पुढे राहायचं. सासूबाई त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या आणि प्रत्येकीला 'ये गं' म्हणत होत्या. शेवटची बाई गेल्यावर त्यांनी मला विचारलं, खालची काय म्हणाली होती, ते पुन्हा नीट सांग. मी सांगितलं. त्यांनी उठून डाळीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि मला त्यांच्यावर चिडताही येईना. डाळ आम्ही तीन माणसांनी दोन दिवस खाल्ली. उरलेली आंबली.

चाळीच्या अबोल्याची त्यांनी फारशी फिकीर केली नाही. घर फिरलं की वासे फिरतात, एवढंच म्हणाल्या. पण खालचीचा अबोला त्यांना पोखरत होता. जिना उतरताना तिच्या खोलीशी त्यांची पावलं हळू व्हायची. ती नळावर दिसली की त्या उगाच थांबायच्या. ती मान खाली घालून हंडा उचलायची आणि निघून जायची. पोटच्या लेकीनं बोलणं टाकावं तसं त्यांना झालं होतं. मुलगी नव्हतीच त्यांना, ही एक मिळाली होती. तिनं पुन्हा एकदा 'मावशी' म्हणावं, याच्यापलीकडे त्यांना चाळीकडून काही नको होतं.

प्रांताच्या महिला शाखेची बैठक दादरला हिंदू कॉलनीत एका डॉक्टरीणबाईंच्या दिवाणखान्यात व्हायची. आम्ही ट्रामनं जायचो. मी सोबतीला म्हणून जायची आणि मागे भिंतीशी बसायची. सातारच्या बाई कंदी पेढे आणायच्या, नाशिकच्या बाई चिवडा, आणि अध्यक्षीणबाई पुण्याच्या, घडी न मोडलेल्या खादीतल्या. त्या चैत्रानंतरच्या पहिल्याच बैठकीत सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, गोळीबारात गेलेल्यांच्या दुखवट्याचा ठराव या शाखेनं करावा. माझ्या चाळीतलाही एक तरुण त्यात गेला आहे, त्याची बायको आपल्याच मेळाव्यात भाषण करून गेली आहे. अध्यक्षीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, विषय आज पत्रिकेवर नाही.

"मग पुढच्या वेळी घ्या," सासूबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पुढच्या वेळी तो पत्रिकेवर नव्हता. सासूबाई पुन्हा उठल्या. त्याच्या पुढच्या वेळीही. तेच वाक्य, तोच आवाज. नंतर नंतर त्या नुसत्या पदर सावरू लागल्या की सातारच्या बाई पेढ्यांचा डबा फिरवायला घ्यायच्या. एकदा वरळी कोळीवाड्याच्या बाईंनी हात वर करून अनुमोदन दिलं, माणसं मेली त्याचं वाईट वाटलं म्हणायला दिल्लीची परवानगी लागते का, असंही विचारलं. तेव्हा विषय वरिष्ठांकडे पाठवतो असं ठरलं. वरिष्ठांकडे गेलेला विषय खाली येत नाही, हे मलाही माहीत होतं.

परत येताना ट्राममध्ये मी एकदा फणकाऱ्यानं म्हटलं, सोडून का देत नाही हा पक्ष? इथे कोणी विचारत नाही, तिथे कोणी बोलत नाही.

"मी सोडला तर तिथे हा विषय कोण काढणार?" त्या म्हणाल्या.

मग निदान चाळीत तरी सांगा, मी म्हटलं, तुम्ही तिथे काय करताय ते खालचीला कळू दे. त्यावर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, तिचा नवरा गेलाय आणि मी माझा मोठेपणा सांगत फिरू? मला ताकीद दिली, घरी तुझ्या नवऱ्यालाही बोलायचं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशा होत्या त्या.

मधे निवडणूक झाली. आमच्या भागात पक्ष सपाटून आपटला. सासूबाई प्रचाराला निघाल्या की आमच्या गॅलरीखाली पोरं काळी निशाणं घेऊन उभी राहायची, आणि त्यातली निम्मी त्यांनीच बाराखडी शिकवलेली. त्या एकेकाला नावानं हाक मारून, रस्त्यातून बाजूला हो, गाडी येते आहे, असं सांगत पुढे जायच्या. मला हसू यायचं आणि मग घरी येऊन रडू यायचं.

पुढच्या वर्षी प्रांताची नवी कार्यकारिणी जाहीर झाली, त्यात सासूबाई नव्हत्या. कोणी भांडलं नाही, कोणी काढून टाकतो म्हटलं नाही, फक्त त्यांना घेतलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला. सासूबाईंनी ते वर्तमानपत्रात वाचलं, चष्मा काढून पुसला आणि मला भाजी कोणती करायची ते विचारलं. मला त्या दिवशी त्यांचा इतका राग आला, की तो आजही गेलेला नाही. त्यांनी सगळं गमावलं होतं आणि कोणाला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गर्दी होती. तिसऱ्या मजल्यावरची एक काकू, तोंडानं मोठी फाटकी, मला ऐकू जाईल अशी म्हणाली, काढलं वाटतं म्हातारीला, आता दिल्लीची चाकरी संपली. मी कळशी खाली ठेवली. सासूबाईंची ताकीद वगैरे काही आठवलं नाही. लालबागची मुलगी मी, एकदा सुटले की सुटले. म्हटलं, काकू, त्यांना का काढलं माहीत आहे? या चाळीतल्या माणसासाठी काढलं. दर बैठकीला उभं राहून त्याच्यासाठी बोलायच्या म्हणून काढलं. तुम्ही त्यांच्या घरचं कुंकू नाकारलंत, त्याच्यासाठी चाळीच्या बाहेर जाऊन कोणाशी भांडलात का कधी? नळ वाहत होता आणि कोणी भांडं लावत नव्हतं. खालची रांगेत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. नंबर आल्यावर हंडा भरला आणि गेली.

मला त्याचा पस्तावा नाही. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत, तोही मी आनंदानं सोसला. हळूहळू चाळ वितळली. त्या तोंडाळ काकूच पहिल्यांदा वर आल्या, लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण विचारायला. काकूंना ते तोंडपाठ होतं. पुढच्या चैत्रात बायका आल्या, माझ्याकडून कुंकू लावून घेतलं, डाळ खाल्ली, दोनदा मागितली. खालचीकडे मी बोलावणं घेऊन गेले नाही, सासूबाईंनीही जा म्हटलं नाही. बायका हसत बोलत बसल्या होत्या आणि सासूबाईंचं लक्ष सारखं जिन्याकडे होतं. ती आली नाही.

मग एकदाचं राज्य आलं. मुंबईसकट आलं. गिरगावात दारोदार तोरणं, गुढ्या, रोषणाई. ट्रामच्या टपापर्यंत माणसं. लालबागहून माझा भाऊ आला आणि आल्या आल्या सासूबाईंच्या पाया पडला. संध्याकाळी सगळी चाळ शिवाजी पार्कला जायला निघाली होती. आमचे हे मुलांना घेऊन आधीच गेले होते. आनंदाचा कार्यक्रम आता पक्षाचाच होता, मंचावर सगळी मोठी मंडळी बसणार होती. सासूबाईंना निमंत्रण नव्हतं. त्या खाटेवर बसून सूत गुंडाळत होत्या आणि खालचा गोंगाट ऐकत होत्या. मी साडी बदलत होते.

तेवढ्यात खालची आमच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

चार वर्षांत ती तो जिना चढली नव्हती. केस पांढरे व्हायला लागले होते तिचे, त्या वयात. सासूबाईंच्या हातातलं सूत तसंच राहिलं. मला वाटलं, ती पेढे घेऊन आली असेल. हात रिकामे होते.

"मावशी," ती म्हणाली, "आज सगळी चाळ आनंदात आहे. मलाही आनंदच आहे. पण मला रडायचंय, आणि आज कोणाच्या घरी रडता येत नाही."

सासूबाई भिंतीकडे सरकल्या आणि त्यांनी खाटेवर जागा केली.

"इथे रड," त्या म्हणाल्या.

मी बाहेर आले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. थोड्याच वेळात ती तिसऱ्या मजल्यावरची काकू आली, मागोमाग आणखी चारपाच जणी, नव्या साड्या, केसांत गजरे, हातात पेढ्यांच्या पुड्या. सासूबाईंना न्यायला आल्या होत्या, तुमच्याशिवाय आम्ही शिवाजी पार्कला जाणार नाही म्हणून. मी त्यांना हातानंच थांबवलं. आतला आवाज त्यांनाही ऐकू येत होता, आणि रडणाऱ्या दोघी होत्या हेही कळत होतं. खाली बँड वाजत होता, पोरं हाका मारत होती, बस सुटत होत्या. त्या परत गेल्या नाहीत. पेढ्यांच्या पुड्या मांडीवर घेऊन माझ्या खालच्या पायऱ्यांवर एकीखाली एक बसून राहिल्या.